तळपायाची आग

मैनानं बोटभर तूप काशाच्या वाटीच्या बुडाला पुसलं, केरूचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला आणि टाचेपासून वाटी फिरवायला सुरुवात केली.

“कुठं हाय आज?”

“अंगठ्याखाली. तिथंच.”

“लय?”

“कालच्यापेक्षा कमी. पण हाय.”

ओटीच्या पायरीवर उतरतीचं ऊन आलं होतं. केरू भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. वाटी फिरू लागली तसं तूप वितळलं, मग चिकट झालं, मग करडं, आणि बघता बघता सबंध तळवा काजळ फासल्यासारखा काळा झाला. ते काळं पाहिलं की मैनाला आतून बरं वाटायचं. अंगातली उष्णता वाटी ओढून काढते आणि ती अशी काळी होऊन बाहेर पडते, हे तिला सासूनं, सीताबाईनं, शिकवलं होतं. सीताबाईला तिच्या सासूनं. ज्या गावात दोन माणसांचं पावसावर एकमत होत नाही, त्या गावात ह्या काळ्याबद्दल मात्र कुणाला कधी शंका आली नव्हती.

अंगठ्याच्या उंचवट्याखाली वालाच्या दाण्याएवढं कुरूप झालं होतं. तिथं आली की मैना वाटी जोरानं दाबायची. रगडून रगडून कुरूप मऊ पडतं, असं तिचं म्हणणं. केरू हूं की चूं करत नसे.

“दुखत नाय ना?”

“नाय गो. बरं वाटतं.”

गोठ्यातनं म्हैस हंबरली. मैनानं पाय मांडीवरून उतरवला, वाटी पालथी घातली आणि “आले गो, आले” म्हणत उठली. म्हशीला ओ द्यायला तिला कधी उशीर होत नसे. जाता जाता तिनं सहज वळून पाहिलं, तर इतका वेळ डोळे मिटून बसलेला केरू तिच्या पाठीकडं टक लावून बघत होता. काही हवंय का, असं विचारावं हे तिच्या मनात आलं, पण म्हैस पुन्हा हंबरली.

मैना बसणारी बाई नव्हतीच. पहाटे शेणकूर, मग शेत, दुपारी वालाच्या शेंगा सोलून रोह्याच्या बाजाराची तयारी, संध्याकाळी धार, मग चूल. जेवतानासुद्धा ती एक गुडघा वर ठेवून बसायची. म्हणजे उठायला सोपं. तिनं रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसावं, हे गावाला आक्रीतच वाटलं होतं. त्यातून त्या घराची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक. सहा वर्षं त्या दोघांत बोलणं म्हणून नव्हतं.

झालं होतं ते विठूच्या लग्नात. विठू त्यांचा एकुलता एक. कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या, मांडवात पंगत बसलेली, आणि तो व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, की मी काय आता चिखल तुडवायचा नाय, डोलवीला कंपनीत लागतोय. केरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला आणि भर पंगतीत त्यानं नवऱ्या मुलाच्या थोबाडीत दिली. मुंडावळी तुटून पत्रावळीतल्या भातावर पडली. विठूनं ती उचलली नाही. लग्न लागलेलं होतं म्हणून मोडलं नाही इतकंच. तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो डोलवीला गेला, तो गेलाच. पुढं त्याला मुलगी झाली. मैना पेणच्या एसटीनं जाऊन तिला चार वेळा पाहून आली. केरूला कुणी बोलावलं नाही आणि तोही गेला नाही.

मैना त्यावरून भांडली असती तर केरूची सुटका झाली असती. ती भांडली नाही. “जेवाण वाढलंय.” “बांध फुटलाय.” “पाऊस येतोय, गवत आत घ्या.” सहा वर्षं घरात एवढंच बोलणं, आणि तेही भिंतीकडं बघून. केरू माणूस तापट, पण मुळातला बोलका. पहिलं वर्षभर तो एकटाच बोलत राहिला. मग तोही गप्प झाला.

आणि गेल्या पावसात त्याच्या पायांच्या दुखण्यानं उचल खाल्ली. आधी नुसती खाज. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात कुणाला चिखल्या होत नाहीत? मैनानं करंजेल आणून ठेवलं, न बोलता. मग मेंदी वाटून ठेवली. श्रावण गेला, चिखल वाळला, गावातल्या सगळ्यांच्या चिखल्या बऱ्या झाल्या. केरूची खाज मात्र बोटांतून तळव्यात शिरली आणि तिची आग झाली. घमेल्यात पाणी घेऊन तो त्यात पाय सोडून बसे. शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर पाय घाशी. एकदा तर त्यानं पाण्याच्या माठाला पाय लावले आणि मैनानं सबंध माठ ओतून दिला. शेजारची रंभा हे सगळं कुडावरून बघायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“तवा मस्तकात गेलेली आग आता खाली उतरली, भावजी,” ती म्हणाली. “सहा वर्सं लागली, एवढाच काय तो फरक.”

केरू त्याही स्थितीत हसला. मैना हसली नाही. पण त्याच संध्याकाळी तिनं फळीवरची सासूची वाटी काढली, चिंचेनं घासली आणि ओटीवर येऊन बसली. “पाय करा हिकडं,” ती म्हणाली. सहा वर्षांनी ती पहिल्यांदा त्याच्याकडं बघून बोलली.

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं नव्हतं असं नाही. भाद्रपदात दोघं जाऊन आले होते. मालतीबाई मूळच्या ह्याच भागातल्या. त्यांच्या आजोबांच्या खोतीत केरूच्या बापानं जमीन कसली होती. त्यांनी रक्त तपासलं, साखर फार आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या. अनवाणी चालायचं नाही. तळवे रोज निरखून बघायचे. महिन्यानं परत यायचं.

“साखर कशी आसंल?” येताना केरू एसटीत म्हणाला. “आपून गोड खातो तरी कधी?”

मैनालाही ते पटलं. तरी गोळ्या दिल्या तिनं वेळच्या वेळी. पण दसऱ्यापासून केरू झोपू लागला. घमेलं सुटलं. रोज संध्याकाळी विचारलं की तो म्हणे, काल होती त्यापेक्षा कमी हाय, पण हाय. मैनानं आपल्या मनाशी हिशोब मांडला: गोळ्यांनी तोंड कडू होतं, भूक मरते, उतार पडतोय तो वाटीनं. दिवाळीत गोळ्या संपल्या, त्या तिनं पुन्हा आणल्या नाहीत. पुढच्या तारखेचा कागद तांदळाच्या डब्याखाली गेला. सकाळी वालाच्या शेतातल्या दवात अनवाणी फिरावं, थंडावा मिळतो, हेही तिनंच सांगितलं. केरू निमूट फिरायचा. चपला तशाही त्याच्या पायात टिकत नव्हत्या. एकदा तो एकाच चपलेनं घरी आला. दुसरी कुठं सुटली, त्याला पत्ता नव्हता. रंभा पदर तोंडात कोंबून हसली आणि त्या दिवशी मैनालाही हसू आवरलं नाही.

त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोला. भाऊबिजेच्या संध्याकाळी वाटी फिरवताना तिची एक बांगडी वाटीच्या काठावर आपटून फुटली. हिरव्या, सोनेरी बुट्ट्यांच्या बांगड्या. सुनेनं डोलवीहून दिवाळीला धाडलेल्या.

“लागलं का गो?” केरूनं विचारलं.

“नाय,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “सुनेनं धाडल्यात.”

“झ्याक हायत.”

तिनं तुकडे पदरात गोळा केले, उरलेले केरसुणीनं लोटले. त्या रात्री चुलीपाशी तिला उगीचच वाटत राहिलं, की आता एक दिवस विठूचंही बोलता येईल.

चैत्र निम्मा सरला तेव्हा भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं ठरलं. दाढीच्या, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर शेण पसरून झालं होतं, त्यावर कवळ, म्हणजे झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, कवळावर पातेरा, वाळका पाला, वर मातीचा हलका थर. सकाळचा वारा पडलेला बघून केरूनं वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला काडी लावली. राबाला ज्वाळ नको असते. तो आतल्या आत धुमसत पुढं सरकला पाहिजे. तसा भाजला तरच जमीन रोपाला माया देते. केरू काठीनं कवळ उलथत, सारखं करत मागं मागं सरत होता. मैना बांधावर पाण्याची कळशी आणि पाल्याचा ओला टाहाळा घेऊन उभी होती, ठिणगी गवतात गेली तर झोडपायला.

धुरात सगळे वास असतात. शेणाचा, ऐनाच्या पानांचा, मातीचा. त्यात मैनाला निराळाच वास आला. कातडं करपल्याचा. उंदीर सापडला असेल कवळाखाली, असं तिला आधी वाटलं. दरवर्षी एखादा सापडतो. तिनं नजर फिरवली.

केरू भाजून झालेल्या पट्ट्यात उभा होता. वर राख दिसत होती, पण राबाच्या राखेखाली दुपारपर्यंत इस्तव असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो काठीवर भार टाकून समोरच्या कवळाकडं बघत होता. उजव्या पायाच्या कडेनं बारीक धूर येत होता.

“अवो! पाय!”

केरूनं आधी तिच्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. पाय बघितल्यावर, बघून झाल्यावर, तो “आय गं” म्हणून ओरडला आणि बाजूला उडी मारून बांधावर आला.

मैनानं सबंध कळशी त्याच्या पायावर ओतली. तळव्याचं कातडं कडेला सुटून आलं होतं. फोड नव्हता, फोडाच्या पलीकडचं होतं. आणि केरू बांधावर बसून राबाकडं बघत सांगत होता, की तिकडं उजव्या कोपऱ्यात जरा टाहाळा मार, आग गवतात जातेय.

मैनानं टाहाळा मारला. मारता मारता तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आय गं तो नंतर म्हणाला. बघितल्यावर म्हणाला.

गावातल्या पुंडलिकाच्या रिक्षानं ती त्याला रोह्याला घेऊन गेली. दवाखान्यात गर्दी होती, पण पाय बघितल्यावर मालतीबाईंनी बाकीच्यांना थांबवलं. केरूला खाटेवर बसवून त्यांनी जळलेला भाग साफ केला. मग चष्मा वर सारून अंगठ्याखालचा भाग बोटानं दाबून पाहिला. दाबल्यावर त्यातून पाणी आलं.

“हे काय आहे?”

“कुरूप,” मैना म्हणाली. “मी रोज रगडते त्याला.”

“रगडता?”

“काशाच्या वाटीनं. आग व्हते ना तिथं.”

मालतीबाईंनी केरूकडं बघितलं. “आग होते तुम्हाला? कधीपर्यंत होत होती?”

“कालपर्यंत,” उत्तर मैनानंच दिलं. “काल सांजच्याला घासली तवा बी व्हती.”

केरू खिडकीतून एसटी स्टँडकडं बघत होता.

 मालतीबाईंनी पातं उचललं आणि कुरूपाचं कडक कातडं कापायला सुरुवात केली. एक पापुद्रा, दुसरा, तिसरा. रक्त आलं, पू आला, पातं आत आत जात राहिलं. मैनाच्या पायाची बोटं आपोआप आखडली. तिनं केरूचा खांदा धरला, तो कळवळेल म्हणून.

“म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलं गो,” केरू म्हणाला. “रंभाला सांगून आलीस का?”

मैनानं खांद्यावरचा हात काढला.

चिमट्यानं ओढून काढलेली वस्तू स्टीलच्या तबकात टण्‌कन पडली. मालतीबाईंनी ती नळाखाली धरून मैनाच्या तळहातावर ठेवली. नखाएवढा काचेचा तुकडा होता. हिरवा. त्याच्या पाठीवर सोनेरी बुट्टीचा अर्धा ठिपका अजून शाबूत होता.

मैना तो बघत राहिली. भाऊबीज. वाटीचा काठ. लागलं का गो? त्यानंतर कार्तिक गेला, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन गेला आणि अर्धा चैत्र. रोज संध्याकाळी ती वाटीनं हाच तुकडा त्याच्या मांसात आणखी आत दाबत आली होती. आणि तो डोळे मिटून म्हणत आला होता, बरं वाटतं.

“साखरेनं आधी नसा पेटतात,” मालतीबाई पट्टी बांधताना सांगत होत्या. त्या मैनाशी बोलत होत्या, केरूशी नाही. “तोवर आग होते, खाज येते. मग नसा मरतात. मग काही होत नाही. आग थांबली म्हणून लोक खूश होतात, ते इथंच फसतात. हा पाय बधीर होऊन सहा महिने तरी झालेत. दुसराही तसाच आहे.”

“पन काळं यायचं ना, बाई. रोज यायचं.”

“ते काशाचं आणि तुपाचं काळं. माझ्या पायावर घासलंत तरी येईल.” त्यांनी पट्टीला गाठ मारली. “आग रामेश्वरी आणि तुमचा बंब सोमेश्वरी, मैनाबाई. घासायला माझी ना नसती. गोळ्या कधी बंद केल्या?”

“दिवाळीला.”

“कुणी सांगितलं?”

“मीच केल्या,” केरू म्हणाला.

“मी केल्या,” मैना म्हणाली.

मालतीबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि लिहायला घेतलं. अलिबागच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. उद्या सकाळीच निघायचं. जखम हाडापर्यंत गेली आहे. अंगठा जाईल हे धरून चाला. बाकीचं तिथले डॉक्टर उघडून बघितल्यावर सांगतील. “तळवे रोज बघा म्हणून सांगितलं होतं ना मी,” त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

“रोज बघत व्हते,” मैना म्हणाली. तिच्याइतकं रोज कुणीच बघितलं नसेल.

स्टँडसमोरच्या बूथवरून तिनं डोलवीला विठूला फोन लावला. केरू रिक्षात पाय लांब करून बसला होता. काचेमागं हलणारे तिचे ओठ त्याला दिसत होते. ती येऊन शेजारी बसली आणि रिक्षा कुंडलिका नदीच्या पुलावर आली.

“काय म्हनला?” केरूनं विचारलं.

“सकाळी गाडी घेऊन येतो म्हनला.”

“घरात येईल?”

“गाडी घेऊन येतो म्हनला,” मैना म्हणाली.

घरी आल्यावर तिनं त्याला धरून ओटीवर बसवलं, भिंतीला टेकवून, रोजच्या जागी. अलिबागला न्यायची पिशवी भरली: दोन धोतरं, सतरंजी, तांब्या, तांदळाच्या डब्याखालचा तो जुना कागद. राबाचा धूर अजून गावावर होता. राब बाकी चांगला भाजला होता. ऊन पायरीवर उतरलं, तशी ती दारात येऊन उभी राहिली.

“कधीपासून?”

तिनं काय विचारलं ते केरूला कळलं. त्यानं पट्टीकडं पाहिलं.

“दसऱ्याच्या आसपास,” तो म्हणाला. “एक दिवस उठलो तं आग नाय. काय बी नाय. आधी वाटलं, गुण आला.”

“मंग सांगायचं ना तसं! रोज आपलं हाय, हाय. तिथंच, अंगठ्याखाली, कालच्यापेक्षा कमी. काय हे? मी काच रगडत व्हते तुमच्या पायात. सा महिने. मला कळायला नको?”

सहा वर्षांत ती इतकं सलग बोलली नव्हती. तिचा आवाज चढला होता, फाटला होता, आणि पलीकडं रंभाच्या घरातली भांडी घासायची थांबली होती. केरूनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती.

“गेली म्हनलो असतो,” तो म्हणाला, “तं तू वाटी ठेवून दिली असतीस.”

मैनाला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण तो बोलला.

“बसली असतीस का मंग?”

ती आत निघून गेली. फळीपाशी जाऊन तिनं वाटी खाली घेतली. बुडाला कालचं काळं तसंच होतं, बोटाला लागलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका पायाची किंमत देऊन त्या माणसानं आपल्याकडून दिवसाचा अर्धा तास घेतला, आणि तो अर्धा तासही आपण म्हशीनं हाक मारली की अर्धवट सोडून उठत होतो. थोबाडीत त्यानं एकदाच मारली होती. आपण किती वर्षं मारत होतो? तिनं पदरानं वाटी पुसली, पुसली, आणि परत फळीवर पालथी ठेवली.

ओटीवर येऊन ती रोजच्या जागी बसली. मांडी घालून, दोन्ही गुडघे खाली. केरूचा डावा पाय, पट्टी नसलेला, तिनं ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

“वाटी?” केरूनं विचारलं.

“नको.”

“मंग?”

ती अंगठ्यानं त्याचा तळवा हळूहळू चेपत राहिली. केरू डोळे मिटायला गेला आणि थांबला. डोळे मिटले असते, तर ती बसलीय हे पायाला कळणार नव्हतं. तो उघड्या डोळ्यांनी तिच्या हातांकडं बघत राहिला.

“विठूच्या पोरीचं नाव काय ठेवलं?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“आनंदी.”

“कुनावर गेलीय?”

“तुमच्यावर. नाकाच्या शेंड्यावर राग.”

गोठ्यातून म्हैस हंबरली. धारेची वेळ टळून गेली होती. ती पुन्हा हंबरली, मोठ्यानं, मग खुंट्याला ओढ देऊन तिसऱ्यांदा. मैना बसलेलीच होती. केरूनं आपला पाय तिच्या मांडीवरून काढून घ्यायला म्हणून उचलला.

“ऊठ गो,” तो म्हणाला. “म्हस हंबरते.”

मैनानं पाय परत खाली ओढून घेतला.

“हंबरू दे,” ती म्हणाली.